सांगायचे नसते

लोक माझी ओळख करून देतात ती 'विमा कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क' अशी, आणि ती खोटी नाही. १९६४ पासून २००२ पर्यंत अडतीस वर्षे मी इमानेइतबारे कारकुनी केली. पण त्या अडतीस वर्षांत मी मनापासून वाट पाहिली ती पगाराच्या तारखेची नव्हे. महिन्याच्या पहिल्या रविवारची. त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता गिरगावातल्या एका शाळेच्या चौथीच्या वर्गात आमचे जादूगारांचे मंडळ भरत असे. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, कोपऱ्यात मोडका पृथ्वीचा गोल, आणि नऊ वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आम्ही पंधरा-वीस प्रौढ गृहस्थ! कोणाच्या बाहीतून रुमाल लोंबतो आहे, कोणाच्या पिशवीत कबुतर घुमते आहे, तर कोणी भिंतीकडे तोंड करून एकटाच पत्ते पिसतो आहे. शाळेच्या शिपायाला आमच्याविषयी कायमचा संशय होता. आम्ही निघालो की तो खडू मोजून घेत असे.

धंदेवाईक जादूगार टाळ्यांवर पोट भरतो. हौशी जादूगार टाळ्यांसाठी पदरचे पैसे खर्च करतो, आणि त्या मिळाल्या नाहीत तरी पुढच्या महिन्यात पुन्हा करतो. मी दुसऱ्या जातीचा. गणपतीच्या मंडपात, मुंजीच्या मांडवात, कचेरीच्या स्नेहसंमेलनात मी प्रयोग केले. पण कधी कोणी नारळ आणि शाल यांपलीकडे काही दिल्याचे स्मरत नाही. तरीही आज ऐंशी ओलांडल्यावर मागे वळून पाहिले, तर आयुष्यातले बरेचसे शहाणपण मला त्या चौथीच्या वर्गात मिळाले असे वाटते. शाळेत असताना त्या वर्गातून मी एवढे काही उचलले नव्हते.

सुरुवात झाली ती १९५५ साली. मी अकरा वर्षांचा होतो. एका दुपारी आमच्या चाळीच्या चौकात गारुडी आला. दुगडुगी वाजली तशी तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरून गेले. त्याने जमिनीवर तीन लाकडी वाट्या उपड्या मांडल्या आणि कापडाच्या तीन गोळ्या काढल्या. या वाटीखाली ठेवलेली गोळी त्या वाटीखाली निघे. हातात दाबलेली गोळी हातातून नाहीशी होई. शेवटी त्याने एक वाटी उचलली, तर खालून कोंबडीचे जिवंत पिल्लू बाहेर आले. मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि डोळ्यांची पापणीही लववली नव्हती. मला काही म्हणजे काही दिसले नाही.

खेळ संपला, थाळी फिरली, मंडळी आपापल्या खोल्यांत गेली. मी मात्र त्याच्या मागोमाग ठाकुरद्वारच्या नाक्यापर्यंत चालत गेलो. शेवटी तो वळून म्हणाला, "क्या चाहिए, बच्चा?"

"कैसे किया?" मी विचारले.

तो हसला. माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "बताने का नहीं. बताया तो मेरा रोटी गया, और तेरा मजा गया."

त्या वेळी मला त्याचा राग आला. जादूच्या धंद्याचे सगळे धर्मशास्त्र त्याने दोन वाक्यांत सांगून टाकले होते, हे कळायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

पुढच्याच वर्षी, १९५६ च्या एप्रिलात, पी. सी. सरकारांनी लंडन हालवून सोडले. बी.बी.सी.च्या टेलिव्हिजनवर त्यांनी एका मुलीला फिरत्या करवतीने मधोमध कापले. ती पुन्हा उठून उभी राहण्याच्या आतच कार्यक्रमाची वेळ संपली आणि निवेदकाने निरोप घेतला. मुलगी मेलीच असे समजून प्रेक्षकांनी टेलिफोनचा भडिमार केला! हा प्रसंग वडील माणसे मीठमसाला लावून सांगत, आणि आम्ही पोरे चाळीच्या जिन्याखाली फळकुटाची करवत घेऊन एकमेकांना कापत असू. पुण्याचे जादूगार रघुवीर (१९२४–१९८४) यांचेही नाव तेव्हा आमच्या कानांवर येऊ लागले होते. ते देशोदेशी प्रयोग करून आले. मराठी माणूस जादूवर पोट भरू शकतो यावर आमच्या पिढीचा विश्वास बसला तो त्यांच्यामुळे. माझ्या वडिलांचा मात्र बसला नाही. "आधी मॅट्रिक हो," ते म्हणाले, "मग काय गायब व्हायचे ते हो."

मॅट्रिक झालो, आणि फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत मला प्रोफेसर हॉफमन यांचे १८७६ सालचे 'मॉडर्न मॅजिक' सापडले. हे प्रोफेसर म्हणजे खरे तर लंडनचे एक बॅरिस्टर. जादूवर लिहिले असे कळले तर अशिलांना काय वाटेल, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतले, असे सांगतात. पुढे कचेरीत साहेबांच्या पाठीमागे टेबलाखाली नाणे फिरवताना मला या बॅरिस्टरसाहेबांची फार सोबत वाटे.

१९६२ मध्ये मी मंडळात दाखल झालो. वर्गणी वर्षाची सहा रुपये. सभासद नाना तऱ्हेचे: प्राप्तिकर खात्यातला कारकून, औषधाच्या दुकानातला पारशी कंपाउंडर, मूळजी जेठा मार्केटातला गुजराती दलाल, एक दाताचा डॉक्टर, आणि एक ट्रामचा कंडक्टर. १९६४ मध्ये मुंबईची ट्राम बंद झाली तेव्हा हा कंडक्टर सभेत म्हणाला, "आपण रुमाल गायब करतो, यांनी ट्राम केली!" या सर्वांचे अध्यक्ष होते एक शिंपी. त्यांना सगळे 'मास्तर' म्हणत. शिक्षण मराठी चौथी, पण हाताला जी सफाई होती ती आम्हा ग्रॅज्युएटांपैकी एकाही हाताला नव्हती. सभासदांच्या कोटांना चोरखिसे तेच शिवून देत. कोणता खिसा कोठे आहे हे कोट घालणाऱ्यापेक्षा मास्तरांना अधिक ठाऊक असे.

मंडळात आल्यावर उजव्या हातात पत्त्यांचा जोड धरून शपथ घ्यावी लागे: खेळाचे रहस्य बाहेर फोडणार नाही. फोडल्यास पाच रुपये दंड. त्या काळी पाच रुपये म्हणजे काही कमी नव्हते. मास्तर सांगत, "अहो, आपल्याकडे विकायला माल काहीच नाही. एक 'कसे?' एवढाच माल आहे. तो फुकट वाटला की दुकान बंद."

ही शपथ आमच्या मंडळापुरती नव्हती. न्यूयॉर्कला १९०२ मध्ये जादूच्या सामानाच्या एका दुकानाच्या मागल्या खोलीत अमेरिकन जादूगारांची संस्था जन्मली. लंडनचे 'मॅजिक सर्कल' १९०५ मध्ये सोहोतल्या एका उपाहारगृहात तेवीस जणांनी काढले. त्याचे लॅटिन ब्रीदवाक्यच मुळी गुपित न फोडण्याविषयीचे आहे. सरकारांनी कलकत्त्याला 'ऑल इंडिया मॅजिक सर्कल' उभे केले. कोठे दुकानाची खोली, कोठे उपाहारगृह, कोठे चौथीचा वर्ग. पण आत चालते ते एकच. दिवसभर दुसरेच काही काम करणारी माणसे संध्याकाळी एकत्र जमतात आणि एकमेकांना फसवण्याचा निष्पाप प्रयत्न करतात.

निष्पाप म्हटले खरे. परंतु गुपिताची किंमत कधी फार मोठी पडते. लंडनच्या रंगमंचावर चुंग लिंग सू नावाचा एक 'चिनी' जादूगार बंदुकीची गोळी झेलण्याचा खेळ करीत असे. रंगमंचावर तो कधी इंग्रजी बोलत नसे. १९१८ च्या मार्चमध्ये बंदूक बिघडली आणि गोळी खरोखरच छातीत शिरली. तेव्हा तो प्रथमच इंग्रजीत बोलला: पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी तो वारला. तो चिनी नव्हताच, विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन होता. मास्तर ही गोष्ट प्रत्येक नव्या सभासदाला सांगत आणि शेवटी विचारत, "यातला खरा खेळ कोणता, सांगा पाहू? गोळीचा, की चिनी असण्याचा?"

मंडळात पहिली दोन वर्षे मी फक्त नाणे लपवायला शिकलो. तळहाताच्या स्नायूंत नाणे धरायचे आणि हात मात्र रिकाम्या हातासारखा सैल सोडायचा. ऐकायला सोपे वाटते. परंतु रिकामा हात कसा असतो हे आपण कधी पाहिलेलेच नसते. यासाठी चांदीचा जुना राणीछाप किंवा राजाछाप रुपया उत्तम. १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी आली आणि हळूहळू नाणी लहान-लहान होत गेली. महागाईने रुपयाची किंमत उतरली याचे इतरांना दुःख. आम्हाला दुःख त्याचा घेर उतरला याचे!

माझी सर्वांत कडक परीक्षक माझी पत्नी. १९७० मध्ये लग्न होऊन ती घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात मी तिच्या कानामागून रुपया काढून दाखवला. ती म्हणाली, "हात छान खोटं बोलतो हो तुमचा. पण तोंड लगेच खरं सांगून टाकतं." ही टीका मी मंडळात सांगितली तेव्हा मास्तर म्हणाले, "क्लार्कसाहेब, आम्ही आठ वर्षांत जे सांगू शकलो नाही ते वहिनींनी आठ दिवसांत सांगितले. त्यांनाच सभासद करून घेऊ या." पुढे कित्येक वर्षे कोणताही नवा खेळ प्रथम स्वयंपाकघरात होई. ती पोळी लाटता लाटता एकदाच मान वर करी. तिने मान पुन्हा खाली घातली नाही, तर खेळ पास!

फजिती पुष्कळ झाली. एका स्नेहसंमेलनात मी साहेबांचे घड्याळ रुमालात बांधून खलबत्त्यात कुटले. कुटायचे होते ते दुसरेच, पण गडबडीत माझ्या हातून कुटले गेले साहेबांचेच. त्यानंतर सहा महिने मी हप्त्याने घड्याळ फेडत होतो. कचेरीत माझ्या जादूबद्दल आदर वाढला तो मात्र त्या दिवसापासून, कारण साहेबांचे घड्याळ खरोखरच कोणी फोडले होते, तर ते मी!

आता जी गोष्ट सांगण्यासाठी हा एवढा प्रपंच केला, ती सांगतो.

माझी थोरली बहीण सांगलीला दिलेली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिच्या कडेवर मी वाढलो. तिला एकच मुलगा. सातव्या वर्षापासून त्याला फिट्स येऊ लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या सुरू केल्या आणि सांगितले, "एक दिवसही चुकवायच्या नाहीत." फिट्स कमी झाल्या, पण थांबल्या नाहीत. १९७३ च्या पावसाळ्यात भावोजींचे पत्र आले: 'एक महाराज घरी येतात. हातातून अंगारा काढून देतात. त्यांच्या सांगण्यावरून तुझ्या ताईने महिनाभर गोळ्या बंद केल्या आहेत. माझे ऐकत नाही. तू ये.'

मी रात्रीच्या गाडीने निघालो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी महाराज आले. शांत, मृदू बोलणारा माणूस. त्याने बाह्या कोपरापर्यंत सारल्या, रिकामा हात दाखवला, हवेत दोन वेळा गोल फिरवला, आणि बोटांमधून राख झरू लागली. ताईने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मुलाने डोळे मिटून आ केला. जमलेल्या बायकांनी हात जोडले.

आणि मी? वाचकहो, खरे सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: काय सफाई आहे! कारण त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यात काय होते, हे त्याने हात वळवला तेव्हाच मी ओळखले होते. आमच्या मंडळात हा खेळ तिघांना येत होता. क्षणभर मी भाचा विसरलो, बहीण विसरलो, आणि एका कारागिराने दुसऱ्याकडे पाहावे तसा त्याच्याकडे पाहत राहिलो. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

त्या रात्री झोप आली नाही. शपथ आठवत होती. मी स्वतःची समजूत घातली की रहस्य फोडायचे कारणच नाही. तोच खेळ आपण करून दाखवू. ताई शहाणी आहे, एवढ्यात समजेल. पहाटे चुलीतली राख घेतली, वस्त्रगाळ केली. दुपारपर्यंत सामान तयार झाले. चार वाजता ताईला म्हणालो, "ताई, इकडे बघ." बाह्या सारल्या, रिकामा हात दाखवला, गोल फिरवला. राख झरली.

ताई माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले. जिने मला न्हाऊमाखू घातले ती माझी थोरली बहीण खाली वाकली आणि माझ्या पायांना हात लावू लागली.

"तुझ्याही हातात आहे रे," ती म्हणाली. "मग इतके दिवस माझ्या बाळाला का नाही बरं केलंस?"

आयुष्यात मी शेकडो वेळा फसलो, पण असा कधीच नाही. प्रेक्षकाला 'कसे?' असा प्रश्न पडतो हे आमचे गृहीतच होते. ज्याचे मूल आजारी आहे त्याला तो प्रश्न पडत नाही, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नव्हते.

मग मी शपथ मोडली. तिला स्वयंपाकघरात नेले. भाताची पेज घेतली, तीत राख कालवली, बोराच्या आठोळीएवढ्या गोळ्या वळल्या आणि तव्यावर सुकवल्या. गोळी अंगठ्याच्या बेचक्यात कशी धरायची, हात कसा वळवायचा, कोणत्या बोटाने चुरडायची, सर्व दाखवले. ती 'नको, नको' म्हणत असताना तिच्या बोटांत गोळी ठेवली आणि हात धरून फिरवला. तिच्याच बोटांतून राख गळली आणि चुलीपुढच्या फरशीवर पांढरी रेघ उमटली.

ती पुष्कळ वेळ त्या रेघेकडे पाहत बसली. मला वाटले, आता ती म्हणेल, 'बरे झाले सांगितलेस.' ती तसे म्हणाली नाही. तिने फडके घेऊन फरशी पुसली आणि मला म्हणाली, "तू आज रात्रीच्या गाडीने जा."

त्या रात्री तिने मुलाला गोळी दिली, हे मला भावोजींच्या पत्रातून कळले. महाराजांना दारातूनच परत पाठवले, हेही कळले. पण त्या वर्षी भाऊबीजेला तिने मला बोलावले नाही, आणि पुढच्या वर्षीही नाही. मी तिच्याकडून काय काढून घेतले होते, हे मला तेव्हा समजले नव्हते. माझ्या मते मी तिला खोट्यातून सोडवले होते. तिच्या मते मी तिच्या हातातली एकुलती एक काठी काढून घेतली होती, आणि बदल्यात दिली होती ती तीच जुनी गोळी, जिने मूल पुरते बरे होत नव्हते. अर्थात मी केले ते करणे भागच होते. पण करायला हवी अशी गोष्ट केली म्हणजे लोक कृतज्ञ होतात, हा समज त्या दिवशी संपला.

पुढच्या पहिल्या रविवारी मी मंडळात उभे राहून सर्व हकीकत सांगितली आणि दंड भरायला पाच रुपये टेबलावर ठेवले. वाद माजला. दलाल म्हणाले, दंड कसला, सत्कार करा. दाताचे डॉक्टर म्हणाले, आज बहिणीला सांगितले, उद्या मेव्हणीला सांगाल. नियम तो नियम. शेवटी सगळे मास्तरांकडे पाहू लागले. मास्तर सुईत दोरा ओवीत होते. ते म्हणाले, "गुपित राखायचे ते प्रेक्षकाची गंमत जाऊ नये म्हणून. तिथे गंमत कोणाची चालली होती?" मग थोडे थांबून म्हणाले, "पण दंड घ्या. शपथ मोडली आहे. उद्या कोणाला मोडावीशी वाटली तर पाच रुपये देण्याइतके कारण आहे का, हा विचार त्याने करावा."

मला रीतसर पावती मिळाली. 'रहस्य फोडल्याबद्दल दंड रुपये ५.' त्या पैशांचे त्याच संध्याकाळी सर्वांना बटाटेवडे आणि चहा झाला. पावती अजून माझ्या पत्र्याच्या डब्यात आहे.

एवढ्यासाठीच, वर पेजेची आणि राखेची कृती मी बिनदिक्कत लिहून टाकली आहे. बाकीचे खेळ विचारू नका. हा मात्र तेव्हाच उघडा पडू लागला होता. श्रीलंकेत डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्येच चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपयांचे आव्हान दिले होते. पुढे १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली आणि तिचे कार्यकर्ते गावोगाव हेच खेळ करून, वर त्यांची उकलही सांगू लागले. २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तेव्हा आमच्या इमारतीतली मुले मला विचारत, "आजोबा, आता तुम्हाला पकडणार का हो?" मी त्यांना सांगत असे, "जो आधीच सांगतो की मी फसवणार आहे, त्याला पकडत नाहीत."

मंडळ चालत राहिले. १९७८ मध्ये आमच्याकडे पहिली मुलगी सभासद झाली, एका शिक्षिकेची लेक. पत्त्यांत तिने वर्षभरात आम्हा सर्वांना मागे टाकले. लंडनच्या मॅजिक सर्कलने स्त्रियांना दार उघडले ते १९९१ मध्ये. या एका बाबतीत गिरगाव लंडनच्या तेरा वर्षे पुढे होते, हे मी अभिमानाने नमूद करतो.

१९८६ मध्ये मास्तर गेले. अमेरिकेत हुडिनी १९२६ मध्ये वारला तेव्हा त्याच्या अंत्यसंस्काराच्या वेळी त्याच्या मित्रांनी जादूची कांडी मोडली, आणि तेव्हापासून जादूगार गेला की कांडी मोडण्याची रीत तिकडे पडली. आमच्यातल्या एकाने हे कोठेतरी वाचले होते. मास्तरांची शिसवी कांडी घेऊन आम्ही वर्गात उभे राहिलो, पण मोडायला कोणाचा हात होईना. तेवढ्यात मास्तरांची पत्नी, जी कधी मंडळात आली नव्हती, दारातून म्हणाली, "अहो, चांगली वस्तू मोडता कशाला? कुणा पोराला द्या." ती कांडी आम्ही त्या पत्तेवाल्या मुलीला दिली. आमच्या मंडळात त्यानंतर कोणाचीच कांडी मोडली गेली नाही.

आता आम्ही सात जण उरलो आहोत. ज्या रहस्यासाठी मी दोन वर्षे नाणे तळहातात धरून ट्रॅममधून आणि लोकलमधून हिंडलो, ते आज कोणताही मुलगा मोबाईलवर दोन मिनिटांत पाहतो. नवे सभासद येतात ते सगळे जाणूनच येतात. पण त्यांना नाणे दिले की ते पडते. 'कसे?' हे कळूनही हात रिकामा दिसत नाही. मग तेही दर रविवारी येऊ लागतात. मास्तर म्हणत तो 'कसे?' हा माल स्वस्त झाला आहे खरा. सरावाचा भाव मात्र उतरलेला नाही.

शेवटी २०११ ची एक आठवण. ताई पंचाहत्तर वर्षांची झाली म्हणून सांगलीला सगळे जमलो होतो. आमचे बोलणे केव्हाच पूर्ववत झाले होते. तिसऱ्या वर्षी भाऊबीजेचे पत्र आले, त्यात त्या दिवसाचा उल्लेखही नव्हता. भाच्याच्या फिट्स गोळ्यांवरच हळूहळू कमी होत सोळाव्या-सतराव्या वर्षी थांबल्या. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा, केस विरळ झालेला बाप्या माणूस होता. औक्षण झाले, जेवणे झाली, आणि त्याची बारा वर्षांची मुलगी माझ्या मागे लागली, "मामाआजोबा, जादू दाखवा." मी खिशातला रुपया चाचपू लागलो. एवढ्यात ताई म्हणाली, "थांब. आज मी दाखवते."

तिने पदर खोचला. बाह्या नव्हत्याच; सुरकुतलेला, बांगड्यांचा हात तिने नातीसमोर धरला, उलटा-सुलटा करून दाखवला. मग हवेत गोल फिरवला, अगदी सावकाश, घाई न करता. बोटांमधून राख नाही, लालभडक कुंकू झरले. नातीच्या तळहातावर त्याची लहानशी रास झाली.

मी पाहतच राहिलो. अंगठा एवढासुद्धा ताठरला नव्हता. असा हात एका दिवसात होत नाही. अडतीस वर्षांत केव्हा, कोणत्या दुपारी, कोणत्या बंद दारामागे ती हे करीत बसली होती, ते मी तिला विचारले नाही. तिनेही माझ्याकडे पाहिले नाही.

"आजी, कसं केलंस? सांग ना!" नात तिच्या पदराला लोंबकळू लागली.

ताईने तिच्या कपाळाला त्यातलेच कुंकू लावले.

"सांगायचं नसतं," ती म्हणाली.